चार बोटं सैल

१

आईचा तंबू आडवा झाला होता.

रात्रभर समुद्रावरून वारा पिसाळल्यासारखा येत होता, पावसाचं तर विचारूच नका. उजाडता उजाडता ताईने डोकं बाहेर काढलं तेव्हा सुरूच्या झाडांखाली बाबांच्या वेळचे दोन्ही जुने तंबू छाती काढून उभे होते, आणि आईचा नवाकोरा निळा तंबू तेवढा ओल्या चादरीसारखा जमिनीला चिकटला होता. त्या चादरीखाली काहीतरी हलत होतं.

"आई!" ताई अनवाणीच धावली. मागोमाग मधला भाऊ, त्याची बायको, आणि गाडीत झोपलेली धाकटी नि तिचा नवरा. सगळ्यांनी मिळून कापड उचललं, आईला बाहेर ओढलं. मधला खांब नेमका तिच्या हातावर कोसळला होता. मनगट सुजून दुप्पट झालेलं.

"मला काही झालेलं नाही," आई कण्हत म्हणाली. "आधी माझा चष्मा शोधा."

धाकटीचा नवरा दातांचा डॉक्टर. त्याने कुणाला न विचारता दोन काटक्या घेतल्या, हात बांधला, वेदनेची गोळी दिली आणि आईला गाडीच्या मागच्या सीटवर निजवलं. दवाखाना वर डोंगरातल्या गावात होता, पण घाटात झाड आडवं पडलं होतं. रस्ता मोकळा होईपर्यंत खालीच थांबणं भाग होतं.

आणि रिकामं बसायचं म्हटलं की ताईच्या अंगावर काटा यायचा.

ताईचा जन्म गेला होता विमा कंपनीत, अपघाताच्या गाड्या तपासण्यात. चेपलेल्या दारावरून हात फिरवून ती सांगायची की गाडी ठोकली गेली की ठोकवली गेली. भलेभले तिच्यापुढे चळचळा कापत. घरात तिला सगळे 'फौजदार' म्हणत, आणि खोटं कशाला बोला, तिला ते आवडायचंही.

ती पडलेल्या तंबूभोवती फिरली. खुंट्या बघितल्या, एकूण एक जमिनीत घट्ट. दोर बघितले, सगळे ढिले, नुसते लोंबत पडलेले. आणि प्रत्येक दोराचं उरलेलं टोक दोराभोवतीच नीट दोन वेढे घालून गुंडाळलेलं.

ताई ताठ उभी राहिली.

"वाऱ्याने तंबू पडला असता तर खुंट्या उपटल्या असत्या," ती मोठ्याने म्हणाली. "हे दोर कुणीतरी हाताने सोडलेत. सावकाश, एकेक करून. आपल्यापैकीच कुणीतरी."

२

आता आदल्या दिवसाचं थोडं सांगायला हवं.

पानगळ सुरू झाली की बाबा सगळ्यांना घेऊन निघायचे. एक मुक्काम समुद्राकाठी, मग डोंगर. थंडी असो, पाऊस असो, बेत बदलायचा नाही. आणि बाबांचे नियम! तंबूचं तोंड उताराकडे नको. ओले मोजे आत नकोत. पाऊस आला की दोर चार बोटं सैल करायचा. उरलेलं टोक गुंडाळायचं, म्हणजे कुणाच्या पायात येत नाही. मुलांनी हे नियम पाढ्यांसारखे घोकले होते. बाबा गेले तरी सहल सुटली नव्हती, कारण ताईने ती सुटू दिली नव्हती.

यंदा दातवाल्याने (पाठीमागे ताई त्याला असंच म्हणायची) आईसाठी नवा तंबू आणला. आईचे गुडघे दुखतात, वाकून आत शिरायला नको म्हणून चांगला उंच. आई हरखून गेली. ताईने नाक मुरडलं ते मुरडलंच. बाबांचे तंबू असताना हा राजवाडा कशाला?

दुपारी तंबू उभा करताना दातवाला म्हणाला, "ताई, या दोरांचं जरा वेगळं आहे, हे—"

"आम्हाला तंबू शिकवू नका हो," ताई हसून म्हणाली, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत गेलं नाही. "तुम्ही दात बघा. बघूया, तुमचा राजवाडा एक रात्र तरी टिकतो का."

दातवाला गप्प बसला. तो नेहमीच गप्प बसायचा. धाकटीचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा बोलघेवडा होता, ताईनेच पसंत केलेला, आणि त्याचं पुढे काय झालं ते न बोललेलं बरं. हा दुसरा धाकटीने स्वतः निवडला. ताई त्याला सल्ले भरपूर द्यायची, पण विचारायची कधी काही नाही.

संध्याकाळी शेकोटीपाशी आईने बॉम्ब टाकला.

"मी आता धाकटीकडे राहायला जाणार आहे."

बाबा गेल्यापासून आई ताईकडे होती. ताईच्या हातातला चमचा हातातच राहिला. मधला खाली बघू लागला. त्याची बायको, जी बेकरी चालवते आणि जिला ओल्या गवतावर झोपणं हा गुन्हा वाटतो, ती पुटपुटली, "एकदाचे पडोत हे तंबू आणि आपण घरी जाऊ." तेवढ्यात पहिला शिडकावा आला. सगळे पांगले. ताई मात्र बाबांसारखी सगळ्या तंबूंभोवती फेरी मारून, दोर बिर पाहून, मगच आपल्या तंबूत शिरली. मन कितीही खट्टू असलं तरी काम म्हणजे काम.

३

आई गाडीत गोळीच्या गुंगीत गाढ झोपली होती. ताडपत्रीखाली चहाचं भांडं ठेवलं आणि ताईने चौकशी सुरू केली. कुणी तिला सांगितलं नव्हतं, पण फौजदाराला कोण सांगणार?

पहिला मधला. त्याचा छापखाना, बोटांना कायम शाई.

"संध्याकाळनंतर तू कुठे होतास?"

"तंबूत. घोरत. बायकोला विचार."

"घोरत होते," त्याची बायको म्हणाली. "मी रात्रभर जागी होते म्हणून सांगते. जागं ठेवायची सोय यांनीच केली होती."

"आणि तू म्हणालीस ना, पडोत एकदाचे तंबू?"

"अहो ताई, म्हणाले! मी तर दरवर्षी म्हणते. म्हणून काय आईंच्या अंगावर तंबू पाडेन?" तिचे डोळे भरून आले. "मला तर त्या दोरांची गाठसुद्धा सुटत नाही. चपलेचा बंद सोडायला मला हे लागतात."

ते खरंच होतं. ताईने तिला सोडून दिलं.

धाकटी दोन्ही हात खिशात खुपसून उभी होती. "मला कशाला विचारतेस? आई माझ्याकडे यायची होती. मी तिचा तंबू पाडू?"

"तू नाही," ताई म्हणाली, आणि वळली. "डॉक्टर, तुमचे बूट ओले का आहेत?"

गाडीच्या दाराशी त्याचे बूट उलटे करून ठेवले होते. आतून पाणी निथळत होतं.

"काल पाऊस सुरू झाल्यावर गाडीत आलो होतो. आईंची शाल विसरली होती, ती घ्यायला. मग त्यांना नेऊन दिली."

"म्हणजे पावसात तुम्ही आईच्या तंबूपाशी होता."

"होतो."

"आणखी कुणी दिसलं तिथे?"

दातवाल्याने तिच्याकडे बघितलं.  मग चहाच्या पेल्यात बघितलं.

"मला काही सांगायचं नाही, ताई."

ताईच्या कामात असं वाक्य आलं की फाइल बंद व्हायची. खोटी गाडी आणणारा माणूस शेवटी हेच म्हणतो.

"मग मी सांगते," ती उभी राहिली. आवाज असा की समुद्रालाही ऐकू जावा. "मी फेरी मारली तेव्हा सगळे तंबू ठीक होते. त्यानंतर तिथे गेलेला माणूस एकच. दोर सोडणारा हात घाईतला नाही, सगळी टोकं टापटीप गुंडाळलेली आहेत. हा नाजूक कामाची सवय असलेला हात आहे. आई घरी राहायला येणार हे शेकोटीपाशी ऐकलं तेव्हा तुमचं तोंड मी बघितलं होतं, डॉक्टर. म्हातारं माणूस घरात नको, तर तोंडाने सांगायचं होतं. तंबू कशाला पाडायचा?"

 ताडपत्रीवर पाऊस वाजत होता.

"तुम्ही काही बोला ना," धाकटी नवऱ्याला म्हणाली. "बोला की!"

त्याने मान खाली घातली, इतकंच. ती मान बघून मधल्यानेही ठरवून टाकलं. "आई तुमच्याकडे येणार नाही," तो म्हणाला. "विषय संपला."

धाकटीने ताईकडे बघितलं.  "आईला दवाखान्यात पोचवू. त्यानंतर मला बहीण नाही आणि भाऊही नाही."

४

दुपारी रस्ता मोकळा झाला. घाटात धुकं इतकं की पुढच्या गाडीचा दिवाही दिसेना. डोंगरातलं गाव थंडीने कुडकुडत होतं, दवाखान्याच्या पायऱ्यांवर पिवळ्या पानांचा चिखल झाला होता. डॉक्टरीणबाईंनी आईच्या हाताला प्लास्टर घातलं, म्हणाल्या दोन तास थांबा, मग न्या.

बाकीचे बाहेर बाकावर, एकमेकांकडे न बघता. ताई आत आईपाशी. तिला फक्त साक्षीदाराचा जबाब हवा होता, म्हणजे प्रकरण पक्कं झालं असतं.

"आई, काल पावसात तुझ्या तंबूपाशी कुणी आलं होतं का गं?"

"आलं होतं की," आई उशीवर डोकं टेकून म्हणाली. गोळीने तिची जीभ जरा जड झाली होती. "जावई आले होते शाल घेऊन. आत येऊन शाल दिली, पांघरूण सारखं केलं आणि गेले."

"दोरांना हात लावला?"

"त्यांनी? नाही बाई. ते बाहेर थांबलेच नाहीत, पाऊस होता ना." आई हसली. "दोर तर तू सैल केलेस."

ताईला वाटलं, आईला ग्लानी आहे.

"त्याच्या आधी गं. मी पडल्या पडल्या ऐकत होते. एकेक दोर सोडत, तोंडाने गुणगुणत, अगदी यांच्यासारखी फिरलीस. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, पोर रागावली तरी आपल्या आईचे दोर बघायला विसरली नाही."

ताईच्या हातातला पाण्याचा पेला खाली ठेवायचा होता. तो ठेवायला जागा कुठे आहे तेच तिला सुचेना.

५

दवाखान्यामागे गाड्या लावायची पत्र्याची शेड होती. ताई तिथे एकटीच गेली.

तिने दोर सैल केले होते, यात लपवण्यासारखं काय होतं? तिने तर तिन्ही तंबूंचे केले होते. पाऊस आला की चार बोटं सैल, हे तिच्या हाताला इतकं पाठ होतं की डोक्याला त्याची खबरही नसायची. चौकशीत तिने 'फेरी मारली' म्हणून सांगितलं, आणि फेरीत काय केलं ते स्वतःलाही विचारलं नाही. पण बाबांचे तंबू तर तसेच सैल करूनही ताठ उभे राहिले. मग हाच का पडला?

गाडी तपासताना ताई कधी अंदाजावर बोलायची नाही, करून बघायची. तिने जुन्या पिशवीतून बाबांचा जादा सुती दोर काढला. नव्या तंबूच्या पिशवीत नायलॉनचा जादा दोर होता, अजून पाकिटातच. दोन्ही शेडच्या खांबांना शेजारी शेजारी ताणून बांधले. मध्ये पाण्याची एकेक बाटली टांगली. मग नळावरून बादली आणली आणि दोन्हींवर ओतली.

वाट बघत ती उभी राहिली. सुती दोर हळूहळू आखडला, बाटली वर चढली. म्हणूनच तर पावसात तो सैल करायचा, नाहीतर स्वतःच्याच ताणाने कापड फाडतो. आणि नायलॉनचा? तो ओला होऊन लांबला. बाटली खाली खाली आली. ताईने तो दोर चार बोटं सैल केला. टोक उरलं. हात आपोआप पुढे झाला आणि त्याने ते टोक दोराभोवती दोन वेढे घालून नीट गुंडाळलं.

बाटली जमिनीला टेकली होती.

ताई त्या दोन वेढ्यांकडे बघत राहिली. नाजूक कामाची सवय असलेला हात! जन्मभर लोकांचे हात ओळखले, आणि स्वतःचा ओळखता आला नाही. कानशिलं तापली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला खरोखर वाटलं.

आणि याहून वाईट पुढेच होतं. तो दोर हाताला वेगळा लागला होता. गुळगुळीत, निसटता. काल संध्याकाळी पावसात बोटांना ते कळलं होतं, आणि क्षणभर ती थांबलीही होती. दहा पावलांवर गाडीत दातवाला होता. एक प्रश्न विचारायचा होता, हे पण सैल करायचे का हो? त्याने सांगितलं असतं. तो तर काल दुपारीच सांगत होता. पण त्याला विचारायचं म्हणजे ताईच्या जिवावर आलं होतं. आईचं मनगट त्या एका न विचारलेल्या प्रश्नाने मोडलं.

६

तिने सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. धाकटी येईना, नवऱ्याने तिला हाताला धरून आणलं.

"माणूस सापडलाय," ताई म्हणाली. सकाळचा तो आवाज कुठच्या कुठे गेला होता. तिने दोन्ही दोर दाखवले, बादली दाखवली, आईने सांगितलेलं सांगितलं. काहीही गाळलं नाही, ती थांबली होती तो क्षणसुद्धा. "खुंट्या जमिनीत राहिल्या, कारण दोर ओढलेच गेले नाहीत, लांबले. टोकं गुंडाळलेली, कारण ती गुंडाळायची सवय आपल्या घरात लावलेली आहे. डॉक्टरांना ती कुणी शिकवलेली नाही. हे मला सकाळीच दिसायला हवं होतं. तंबू मी पाडला. आईचं मनगट माझ्यामुळे मोडलं. आणि मी सगळ्यांदेखत..."  तिने दातवाल्यापुढे हात जोडले. "मला माफ करा."

मधला बुटाच्या टोकाने चिखल उकरत होता.  त्याच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला.

दातवाला एकटाच हलला. तो नायलॉनच्या दोरापाशी गेला, ते दोन वेढे त्याने बोटाने चाचपले.

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं," तो हळूच म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते सुटल्यासारखं होतं, जणू डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतलं.

"काय माहीत नव्हतं?"

"मी शाल घ्यायला आलो ना, तेव्हा गाडीतून तुम्हाला बघितलं होतं, दोरांपाशी. मला वाटलं, आवळताय. सकाळी दोर लोंबताना बघितले तेव्हा..." तो अडखळला. "तुम्ही काल दुपारी म्हणाला होता, एक रात्र तरी टिकतो का बघू. मग संध्याकाळी आईंनी ते घर बदलायचं काढलं. मला वाटलं, ताईंनी रागाच्या भरात मुद्दामच केलं."

पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं.

"मग बोललात का नाही?" धाकटी ओरडली. "माझ्याजवळ तरी!"

"काय बोलणार? आई गाडीत होत्या, कधीही जाग आली असती. हाड काय, जुळून येईल. पण पोटच्या मुलीने हे केलं असं आईंच्या कानावर गेलं असतं तर ते मी कसं जुळवणार होतो?"

 मी असं करेन असं तुम्हाला वाटलंच कसं, हे वाक्य ताईच्या ओठांवर आलं होतं. पण तिने तर त्याच्याबद्दल तेच वाटून घेतलं होतं, त्याच दोरांवरून, आणि ते सगळ्यांपुढे ओरडून सांगितलं होतं. त्याने मात्र तिच्याबद्दलचं ते वाटणं दिवसभर गिळून ठेवलं होतं, आणि वर तिच्या शिव्या खाल्ल्या होत्या. शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आईला मीच सांगते," ती म्हणाली.

आईने सगळं ऐकून घेतलं. यांच्यासारखी फिरलीस म्हणून खुललेला तिचा चेहरा बोलता बोलता विझत गेला, आणि ताईला तो बघत उभं राहावं लागलं.

"मनगटाचं राहू दे," आई शेवटी म्हणाली. "तू त्यांना सगळ्यांदेखत बोललीस?"

"हो."

"आणि ते माझ्यासाठी गप्प बसले?"

"हो, आई."

आईने तोंड फिरवलं. खिडकीच्या काचेवर धुकं दाटलं होतं, बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "त्यांना आत बोलाव," ती म्हणाली. तो आला तशी तिने धड हात पुढे केला. "मला घरी घेऊन चला, डॉक्टर. तुमच्या घरी."

डोंगरातला मुक्काम राहिलाच. जुने तंबू मधल्याच्या गाडीत सकाळी कोंबले तसेच राहिले, न घडी घातलेले. धाकटी नवऱ्याच्या गाडीत पुढे जाऊन बसली. ती ताईशी बोलली नाही, आणि एवढ्यात बोलेल अशी लक्षणंही नव्हती. ताईने आईची बॅग उचलली, चष्म्याची डबी, शाल, औषधांची पुडी, सगळं एका हाताने छातीशी धरून ती दातवाल्याच्या गाडीपाशी आली. मागची डिकी उघडीच होती, बॅग सरळ आत टाकता आली असती.

ती थांबली.

"डॉक्टर," ती म्हणाली.  "ही कुठे ठेवू?"

त्याने वळून तिच्याकडे बघितलं. तिने त्याला असं काही कधी विचारलं नव्हतं, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"मागच्या सीटवर ठेवा," तो म्हणाला. "डाव्या बाजूला. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे त्यांचा."

ताईने बॅग डाव्या बाजूला ठेवली, शाल वर काढून ठेवली, आणि दार हळूच लावून बाजूला झाली.